लेंडी चालते, लेकरू चालत न्हाई

वेशीपाशी आमाला रांगेत उभं केलं आन् अंगावर पंप मारला. पाठीला अडकवायचा पंप. घेवड्यावर औषध मारत्यात तोच. आत फिनेल हुतं म्हणं. कुणी बघितलंय? डोळं मिटायच्या आत तोंडावर फवारा आला. नाकात गेला, घशात गेला. कडेवरची माझी चार वर्षांची काजल किंचाळली. पंपवाल्यानं तिला खाली उतरवाय लावली आन् तिच्यावर बी मारला. पुढनं आन् मागनं.

आप्पा पारावर बसलं हुतं. आप्पा म्हंजी ज्येंच्या रानात आमची मेंढरं बसली हुती ते बागायतदार. सोसायटीत त्येंचा शब्द, पंचायतीत त्येंचा शब्द. माझं सासरं, मी त्येंना मामा म्हणते, ते हात जोडून म्हणलं, "आप्पा, लेकराच्या डोळ्यात गेलं वो."

आप्पा म्हणलं, "मेंढरांना गोचिडाचं औषध मारता न्हवं? तसंच समजा की."

पारावरची समदी हसली. मामा बी हसलं. हसावं लागतं. रान त्येंचं, पाणी त्येंचं, गिरणी त्येंची. आमी फकस्त दळण घिऊन आलो हुतो. फिनेलच्या वासाचं पीठ घिऊन माघारी गेलो. त्या पिठाची भाकरी मी थापली आन् आमी खाल्ली.

आमी धनगर. शिरूरकडच्या माळावरचं. गावात दोन खणांचं घर हाय, कोरडवाहू तुकडा हाय, पण पोट मेंढरावर. पावसाळा निम्मा सरला की नदी वलांडायची आन् दौंडच्या अंगाला बागायतीत उतरायचं. रब्बीच्या आधी तिकडं रानं मोकळी असत्यात. सांजच्याला रानात वाघर लावायची. वाघर म्हंजी सुताची जाळी, खुट्यांवर ताणायची. आत मेंढरं बसवायची. रातभर लेंडी पडती, मूत मुरतं. सकाळी खुट्या उपटायच्या आन् जाळी पुढं सरकवायची. आसं करत अख्खं रान खतवायचं. बदल्यात शेतकरी दाणं देतो. आजा-पणज्यापासनं हेच चालत आलंय. ज्या रानात मेंढरं बसली त्या रानातली ज्वारी लांबनं वळखू येती, हे बागायतदाराला आमच्यापरीस जास्त ठावं असतं. म्हणून तर पोळ्याच्या आधीपासनं निरोप येत्यात, "औंदा आमच्याकडं बसवा."

गावाचं नाव घेत न्हाई. नाव घेतलं की त्या येकट्या गावाचा दोष वाटंल, आन् तसं न्हाई.

त्या साली पुण्यात स्वाईन फ्लू आला हुता. डुकराचा ताप म्हणायचे. आता गंमत बघा. डुकरं गावाच्या गटारीला लोळत हुती, त्येंच्यावर कुणी पंप मारला न्हाई. आमच्याकडं मेंढरं, तर आमच्यावर मारला. रोग आला इमानातनं, लांबच्या मुलखातनं. इमानात कोण बसतं? आमी? आमी तर यष्टीत बी कवातरी बसतो. पण रोग म्हणलं की बोट आमच्याकडं. उघड्यावर राहत्यात, अंघोळ करत न्हाईत, अंगाला मेंढराचा वास येतो. वासानं रोग व्हतो का? व्हत आसता तर आमी कवाच मेलो आसतो.

खोटं कशाला बोलू, भ्या मला बी वाटत हुतं. पुण्यात माणसं मरत हुती. शाळा बंद झालेल्या, दुकानात तोंडाला बांधायच्या फडक्यांना भाव आलेला. मी बी पदर नाकावर घ्यायची. काजलला दुसऱ्या पोरांत सोडत न्हवते. गावानं काळजी घ्यावी, ह्याला माझं न्हाई न्हवतं. आपलं लेकरू समद्यांना प्यारं असतं.

पण काळजी येकसारखी घ्यावी का न्हाई? आप्पाचा पोरगा पुण्याला इंजिनेरिंगला हुता. कॉलेज बंद झालं तसा मोटरसायकलीवर बसून थेट घरी आला. जिथं रोग तिथनं आला. त्येच्यावर कुणी पंप मारला? पंप मारणारा गडी त्येच्याच गाडीवर मागं बसून हिंडत हुता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमी म्हैनाभर आभाळाखाली, पुण्याचं तोंड न्हाई बघितलेलं, आन् आमी रोगट.

मग दवंडी झाली. भायेरच्या माणसांनी गावात पाऊल टाकायचं न्हाई. भायेरची म्हंजी कोण? आमी, आन् पुलाच्या कामावरची बिहारी पोरं. बाकी समदे आतले. वेशीवर बैलगाडी आडवी लावली. हापशाचं पाणी बंद, कॅनॉलचं प्या म्हणलं. दळण गाडीपाशी ठिवायचं, कुणाला वाटलं तर तो आत नेणार.

पण मेंढरं उठवा, आसं कुणी म्हणलं न्हाई. येकानं सुदीक न्हाई. मेंढरं बसायलाच पायजेत. मेंढरामागं माणूस असतो, त्येला पाणी लागतं, पीठ लागतं, हे कुणाच्या ध्येनातच न्हवतं. मी मामांना म्हणलं, "येवढं भ्या वाटतंय तर मेंढरं बी नगं म्हणा म्हणावं." मामा म्हणलं, "गप बस. पाण्यात राहून माशाशी वैर नसतं करायचं."

गप बसले. आन् काजल तापली.

पयल्यांदा सर्दी. मग खोकला. मग ताप आसा की पाठीला लावली तर माझी पाठ भाजायची. तिसऱ्या सकाळी ती दूध बी घेईना. श्वास घेताना बरगड्याखाली खड्डा पडाय लागला, नाकपुड्या फुलाय लागल्या. कोकराला आसं झालं की ते सांजपत्तोर टिकत न्हाई, हे मी ल्हानपणापासनं बघत आलेय. आमच्या मालकांना, काजलच्या बापाला, म्हणलं, "उठा. हिला दवाखान्यात न्यायची."

दवाखाना लांब न्हवता. सरकारी, पिवळ्या भिताडांचा, वेशीच्या आत चार ढांगांवर. बैलगाडीवरनं मान वर केली की दिसायचा. आमी गाडीच्या अलीकडं थांबलो. पलीकडं चार पोरं, तोंडाला रुमाल. येकानं आप्पांना बोलवून आणलं.

मालक म्हणलं, "आप्पा, पोरगी लई तापलीय."

समदी चार पावलं मागं सरली. आप्पा म्हणलं, "तापलीय आन् हितं घिऊन आलास? अक्कल हाय का तुला?"

मी पुढं झाले. आमच्यात गावकीफुडं बाई बोलत न्हाई. बोलले. म्हणलं, "आप्पा, आमी आत येत न्हाई. हितंच लिंबाखाली बसतो. डाक्टरला येवढं हितवर बोलवा. लांबनं बघू द्या. वाटलं तर गोळी लांबनं फेकू द्या. मी उचलून घेते."

"डाक्टर तुमच्यामागं हिंडाय लागला तर गावाला कोण बघायचं?"

"सरकारी हाय न्हवं डाक्टर?"

"मग सरकारला सांग जाऊन. पुण्याला न्या तिला, तिथं समदी सोय केलीय. आमच्या गावात रोग नगं."

येक पोरगं म्हणलं, "सरकारनं सांगितलंय, गर्दी करू नका." आमी तिघं हुतो. त्यात येक चार वर्षांची.

डाक्टरला कळलं का न्हाई, मला ठावं न्हाई. आमचा शब्द त्येच्यापत्तोर गेलाच न्हाई, त्येला दोष कसा देऊ? मला भिताड दिसत हुतं, भिताडावरचं लेकराला डोस पाजतानाचं चित्र दिसत हुतं. मालकांनी माझं दंड धरलं आन् माघारी वळवलं. पाठीमागनं कुणीतरी आमी उभं हुतो त्या जागेवर पंप मारला. आवाज आला मला.

बिऱ्हाडावर आलो. सासू म्हणली, "डबा झालाय पोरीला." आमच्याकडं लेकराची छाती भरली, पोट उडाय लागलं की डबा म्हणत्यात. आन् डब्याला जुनं औषध येकच. बिब्बा. बिब्बा सुईला टोचायचा, चुलीवर धरायचा, त्येचं तेल सुटलं की लेकराच्या पोटावर चटकं द्यायचं. माझ्या नवऱ्याच्या पोटावर हायेत तसलं डाग. माझ्या बी हायेत. येरवी मी सासूशी भांडले आसते. अंगणवाडीच्या बाईनं कितींदा सांगितलेलं, बिब्बा घालू नका. पण दुसरं काय हुतं माझ्या हातात? मी काजलचं हात धरलं. सासूनं चटकं दिलं. पोरीला रडाय बी दम न्हवता. नुसती तोंड उघडून माझ्याकडं बघत राहिली. त्या बघण्याचं अजून मला काय करावं कळत न्हाई.

दुपार कलली तवा आप्पा रानावर आलं. रोज यायचं. बांधावर मोटरसायकल लावायची आन् तिथनंच बघायचं, खत कुठवर पडलंय. त्या दिवशी बी बघितलं. आन् मामांना म्हणलं, "ह्या पट्ट्याचं उरकलं की त्या वरल्या कोपऱ्यात लावा जाळी. तिथं लेंडी पातळ पडलीय."

मामा म्हणलं, "व्हय आप्पा."

मग त्येंचं लक्ष माझ्याकडं गेलं. मांडीवर काजल. बरं वाटावं म्हणून म्हणलं असंल त्येंनी, वाईट मनानं न्हाई, हेच तर जास्त लागलं. म्हणलं, "उतरंल गं ताप. आमच्या बी पोराला आला हुता परवा. डाक्टर घरी येऊन सुई दिऊन गेला, दोन दिसांत उतरला. घाबरू नगंस."

आगं बया.

मला वाटलं माझ्या कानात कायतरी फुटलं. आप्पाच्या पोराला ताप. पुण्यानं आलेल्या पोराला. डाक्टर घरी. पंप न्हाई, गाडी आडवी न्हाई, गर्दी न्हाई. आन् माझ्या पोरीच्या पोटावर बिब्ब्याचं फोड.

मी उठले. म्हणलं, "आप्पा, तुमच्या पोराला डाक्टर घरी येतो आन् माझ्या पोरीला वेशीपत्तोर येत न्हाई?"

मामा वराडलं, "ए, गप!"

"न्हाई गप बसायची. आप्पा, माझ्या मेंढराची लेंडी तुमच्या रानात चालती. ती कुठनं पडली, कुणाच्या अंगावरनं आली, इचारत न्हाई तुमी. कमी पडली तर कोपरा दावता. लेंडी चालती आन् लेकरू चालत न्हाई?"

आप्पांचं तोंड लाल झालं. बाईमाणसानं उलट बोलायची त्येंना सवय न्हवती. म्हणलं, "धनगरा, सुनेला आवर." गाडीला किक मारली आन् गेलं.

मी थांबलेच न्हाई. काजलला पाठीशी बांधली आन् पुणं-सोलापूर हायवेच्या दिशेनं निघाले. मालक पाठीमागनं आलं, हातात पाण्याचा तांब्या. हायवेला यष्टी थांबली. कंडक्टरनं पोरीचा खोकला ऐकला आन् घंटी मारली. दुसरी थांबलीच न्हाई. मग येक ट्रक थांबला. डायवर तिकडं वरचा, हिंदी बोलणारा. मालकांनी मोडकंतोडकं सांगितलं, "बुखार है, दौंड जाना है." तेनं पोरीकडं बघितलं. गळ्यातला गमछा नाकातोंडावर बांधला, दोन्ही काचा खाली केल्या, आन् म्हणला, "बच्ची को लेकर बैठो. मुँह उधर रखना."

त्येला बी भ्या हुतं की. तेनं तोंड बांधलं, आमाला तोंड फिरवाय सांगितलं, आमी फिरवलं. पण तेनं गाडी थांबवली. मला त्या दिवशी समजलं, भ्या वाटणं आन् माणूस टाकणं, ह्या दोन गोष्टी वायल्या हायेत. गाववाले दोन्ही येकच हाय म्हणून आमाला सांगत हुते, आन् आमी मान डोलवत हुतो.

दौंडच्या सरकारी दवाखान्यात तापाच्या माणसांना वायला व्हरांडा केलेला. आत येकच माणूस जाऊ देत. मालक भायेर बसलं, मी आत. तोंडाला फडकं बांधाय लावलं, बांधलं. हात धू म्हणलं, धुतलं. पोरीला हातात घिऊ नगं, खाटेवरच ठेव म्हणलं, ठिवली. येक शब्द बोलले न्हाई. तिथला नेम मला जाचला न्हाई, कारण नेम करणारा माझ्या पोरीला बघत बी हुता.

डाक्टरीण बाई तरणी हुती. काजलचा झगा वर केला आन् पोटावरचं फोड बघून किंचाळलीच. "हे काय केलंय? जाळलंय का पोरीला? तुम्ही लोक सुधारणार कधी? निमोनिया आहे हिला! इतक्या उशिरा आणता आणि वर चटके देता?"

नर्स बी बघाय लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाया बी. परत येकदा समद्यांपुढं मी आडाणी, रानटी. मान खाली घालायची सवय हुती, घातली बी. मग वर केली.

म्हणलं, "बाई, मी सकाळीच नेली हुती. दवाखाना दिसत हुता मला. आत जाऊ दिलं न्हाई. तिथं मला डाक्टर भेटला आसता, तर सासूनं बिब्बा कशाला तापवला आसता? बिब्बा आमचा, कबूल. पण वेशीवर गाडी कुणी आडवी लावली?"

बाईनं पोरीला नळी लावली, सुई दिली आन् रातपाळीच्या नर्सला दोनदा समजावून गेली.

काजल वाचली. पण दमा तिला कायमचा लागला. थंडी पडली की अजून छाती वाजती.

घशातलं कापसाचं बोळं तपासाय पुण्याला पाठवलं हुतं. त्येचं उत्तर मला कुणी कवा सांगितलं न्हाई. आसंल बी स्वाईन फ्लू. आप्पाच्या पोरानं आणला आसंल, न्हाईतर कुणी बी. लोक मला इचारत्यात, "आगं पण खरंच तोच रोग आसता तर? गावानं काय करायचं मग?" मी म्हणते, आसता तर तिला डाक्टर जास्तच पायजे हुता. रोगट माणसालाच दवाखाना लागतो, धडधाकटाला कशाला?

दवाखान्यातनं सुटलो ते माघारी रानावरच. बिऱ्हाड तिथंच हुतं. सांज हुत आलेली. मेंढरं चरून येत हुती. मामांनी वरल्या कोपऱ्यात वाघर ताणून ठिवलेली, आप्पांनी दावलेल्या जागेवर. बांधावर आप्पा उभं. मला बघून म्हणलं, "आली का बरी होऊन? बरं झालं. आता झालं गेलं सोडा. हे रान उरकलं की आमच्या भावाकडं बी बसवायचीत."

झालं गेलं सोडा. कोण म्हणतंय बघा.

मी काजलला सासूकडं दिली. रानात गेले आन् पयली खुटी उपटली.

मामा धावत आलं. "काय करतीस? आगं, पोरगी वाचली न्हवं? मग कशाला वाकडं घेतीस? दाणं अजून दिलं न्हाईत त्येंनी. हे रान गेलं, त्येंच्या भावाचं गेलं, म्हंजी समदी भावकी गेली. जायचं कुठं?" मामांच्या डोळ्यात पाणी हुतं. म्हाताऱ्याचं चुकत न्हवतं. माळावर त्या साली गवत न्हवतं, आन् मेंढरू उपाशी ठिवणं म्हंजी आमच्यात पाप.

मी दुसरी खुटी उपटली.

आप्पा म्हणलं, "ठरलंय आपलं. निम्म्यात उठवता येत न्हाई."

मी म्हणलं, "आमी भायेरची माणसं. भायेरच्यांनी हितं थांबायचं न्हाई, तुमचीच दवंडी."

"पंचायतीत घेईन तुला."

"घ्या. तिथं बी हेच बोलंन. येताना पंप मारून घेईन अंगावर."

मालक हुभं हुतं. बापाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्या नवऱ्यानं जल्मात बापाचा शब्द मोडला न्हवता. मग वाकलं आन् जाळीचं दुसरं टोक सोडवाय लागलं. आप्पा बोलतच राहिलं. आमी वाघर गुंडाळली, बिऱ्हाडाच्या घोड्यावर लादली आन् मेंढरं फिरवली. वरला कोपरा तसाच कोरडा राहिला.

त्या वर्साचं दाणं बुडालं. आप्पांच्या भावकीनं तर बोलवलंच न्हाई, शेजारच्या दोन गावांत बी निरोप गेला की ही धनगरीण तोंडाळ हाय. शिरूरच्या अंगाला मुरमाड रानात कसंबसं काढलं. कोकरं मेली. मामा मरंपत्तोर माझ्याशी धड बोललं न्हाईत. मी गोड शेवट सांगाय बसले न्हाई, आप्पा पाया पडाय आलं आन् मग समदं गोड झालं, आसं काय बी घडलं न्हाई. आप्पांनी पुढल्या साली टेंपोनं कोंबडखत आणलं.

पण माझं ठरलं ते ठरलं. आता आमच्या वाड्याचा, म्हंजी मेंढरांच्या कळपाचा, सौदा मी करते. कुणी रान खतवाया बोलवाय आला की दाण्याचं बोलणं मागनं. आदी इचारते, "आमच्यातलं कुणी आजारी पडलं तर तुमचा दवाखाना आमाला उघडा राहील का? साथ आसली तरी?" काहीजण हसत्यात. काहीजण म्हणत्यात, "बघू की तवाचं तवा." बघू म्हणला की मी मेंढरं त्येच्या बांधाला बी लागू देत न्हाई.

साथ परत येईल. येत्यातच. तवा घरात बसा म्हणा, बसू. तोंड बांधा, बांधू. गावाभायेर राहा म्हणा, ते बी राहू, आमाला सवय हाय. पण ज्येला भायेर ठिवाल त्येच्याकडं डाक्टर तुमी चालवत आणायचा. त्येच्या पाण्याची, पिठाची, सुईची जबाबदारी तुमची. ती घ्यायची नसंल तर वेशीवर गाडी आडवी लावायची न्हाई. लावलीत तर मी परत रांगेत हुबी राहणार न्हाई. पोरगी पाठीशी बांधंन, गाडी ढकलंन आन् आत जाईन.